भिंत न फोडणाऱ्या प्लंबरदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "नाव कशाला, काकू?" असं तुम्हीच म्हणालात. पण आभार चारचौघांत मानायचे असं मी ठरवलं होतं, म्हणून हे पत्र.

लेक बाळंतपणाला आल्यापासून आमचं वॉशिंग मशीन दिवसातून तीनदा लागायचं. मशीनने पाणी घेणं थांबवलं की बेडरूमच्या भिंतीत धाडकन आवाज, मागोमाग आणखी दोन-तीन ठोके. २२ दिवसांचं बाळ दर वेळी दोन्ही हात फाकवून दचकायचं आणि रडून लालबुंद व्हायचं. तुमच्याआधी एक मिस्त्री येऊन गेले होते. पाइप आतून सैल झालाय, टाइल्स फोडाव्या लागतील, ४५ हजार धरून चाला, म्हणाले. बाळंतिणीच्या खोलीला लागून छिन्नी-हातोडा चालणार, घरभर सिमेंटची धूळ होणार, या काळजीने मी दोन रात्री नुसती कूस बदलत होते.

तुम्ही आलात आणि पिशवीला हातही लावला नाहीत. आधी विचारलंत, "आवाज नळ सोडताना येतो की बंद करताना?" हे आम्हाला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मग बाथरूममधला अर्ध्या फेऱ्याचा नळ तुम्ही सावकाश बंद केलात. काही नाही. पुन्हा सोडून फटकन बंद केलात, तर भिंतीत तोच ठोका! "मशीनचा व्हॉल्व असाच बंद होतो, काकू. त्याला सावकाश जमत नाही."

मी २८ वर्षं नववीला संवेग शिकवला. वाहत्या पाण्यालाही संवेग असतो. ते एकाएकी अडलं की दाबाची लाट पाइपातून उलटी धावत जाते. निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून याचं गणित मांडलं. लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारं पाणी झटक्यात थांबलं, तर दाब सुमारे १२ किलोने (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १२ किलो) चढतो. प्लास्टिकच्या पाइपात त्याहून कमी, कारण त्याची भिंत थोडी ताण खाते. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. तुम्हाला ते तळहाताला कळतं, हे मी त्या दुपारी पाहिलं.

डक्टच्या खिडकीतून वाकून तुम्ही पाइपवर हात ठेवलात आणि मला मशीन लावायला सांगितलंत. मशीन पाणी घेऊन थांबलं. "सापडला!" मग मलाही हात ठेवायला लावलात. पुढच्या खेपेला पाइप माझ्या तळव्याखाली उसळला आणि भिंतीवर आपटला. एक क्लॅम्प गंजून तुटलेला, दुसऱ्याचा स्क्रूच गायब. पाइप जिथे आपटत होता तिथलं प्लॅस्टर रुपयाएवढं खरवडून गेलं होतं, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे पाळणा.

नळाला गेज लावलंत तर काटा २.८ किलोवर. "टाकी ११व्या मजल्याच्या वर, तुम्ही दुसऱ्यावर. दर १० मीटर उंचीला १ किलो धरा." वरच्या मजल्यावरचे लोक शॉवरला धार नाही म्हणून पंप बसवतात आणि आमच्याकडे हा जोर, टाकी मात्र एकच! खालच्या मजल्यांच्या लाइनवर पीआरव्ही, म्हणजे पाण्याचा दाब कमी करणारा व्हॉल्व हवा, हे मी सोसायटीच्या बैठकीत मांडणार आहे.

आमच्यापुरता पीआरव्ही तुम्ही मेन कॉकच्या पुढे बसवून दाब १.५ किलोवर आणलात. रबर लावलेले नवे क्लॅम्प ठोकलेत. ड्राय बाल्कनीत मशीनच्या कॉकपाशी टी-जोड टाकून तांब्याचा छोटा अरेस्टर, म्हणजे पाण्याचा धक्का झेलणारी नळी लावलीत. शेजाऱ्यांनी सुचवलेला, वरून बंद केलेला उभा पाइप का नको, तेही समजावलंत: त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते, पाइप पाण्याने भरतो आणि ठोके पुन्हा सुरू होतात. अरेस्टरमध्ये हवा आणि पाणी यांच्यामध्ये पिस्टन असतो. सगळं काम तीन तासांत झालं आणि एकही टाइल हलली नाही. सामानाची बिलं हातात ठेवून वर मजुरी इतकी कमी सांगितलीत, की मी दोनदा विचारलं.

जाताना तुम्ही मशीन पुन्हा एकदा लावायला सांगितलंत आणि स्वतः बेडरूमच्या दाराशी उभे राहिलात. पाणी थांबलं. आवाज आला तो फक्त पंख्याचा. बाळ झोपलेलंच होतं. तुम्ही हळूच चपला हातात घेतल्यात आणि जिन्यात जाऊन घातल्यात. लेकीने ते पाहिलं, तिचे डोळे भरून आले.

पीआरव्हीची जाळी साफ करायला सहा महिन्यांनी येईन म्हणालात. तोवर बाळ बसायला लागलं असेल. त्या दिवशी पुढच्या कामाच्या घाईत तुम्ही चहा घेतला नाहीत. आता जेवायलाच या, आणि वहिनींनाही घेऊन या.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची काकू