तारीख ठरली, सीमा राहून गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फाळणीवरील लेखांत दोष बहुधा जिनांचा हट्ट किंवा माउंटबॅटन यांची घाई यांच्या माथी मारला जातो. ब्रिटिशांनी सत्ता सोडून जाण्याची पूर्वतयारी कशी केली, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

माउंटबॅटन यांच्या आधीचे व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी १९४६च्या अखेरीस लंडनपुढे टप्प्याटप्प्याने निघून जाण्याची योजना मांडली होती. आधी मद्रास, मुंबई, मध्य प्रांत आणि ओरिसा सोडावेत, सैन्य व अधिकारी उत्तरेकडे न्यावेत आणि १९४८च्या वसंतापर्यंत देश सोडावा, असे तिचे स्वरूप होते. ती सदोष होती, कारण सर्वांत स्फोटक प्रांतांचा प्रश्न ती शेवटी ठेवत होती. तरीही हाताशी किती बळ उरले आहे याचा हिशेब तिच्यात होता. ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांच्या मंत्रिमंडळाने ती नाकारली आणि २० फेब्रुवारी १९४७ रोजी जून १९४८ची मुदत जाहीर करताना वेव्हेल यांनाही परत बोलावले. पुढे ३ जूनच्या फाळणीच्या योजनेनंतर ती मुदत १५ ऑगस्टवर आली.

अधिक थांबले असते तर यादवी भडकली असती, असे सांगितले जाते. लवकर सत्तांतर व्हावे ही आपल्या नेत्यांचीही इच्छा होती, हेही खरे. पण तारीख अलीकडे आणल्यावर कामांचा क्रम तरी सांभाळायला हवा होता. ८ जुलैला प्रथमच भारतात आलेल्या, सीमा आखण्यासाठी नेमलेल्या रॅडक्लिफ यांचा सीमेविषयीचा निवाडा सत्तांतरापूर्वी तयार असूनही १७ ऑगस्टला प्रसिद्ध झाला, त्यामुळे भारताच्या वाट्याला आलेल्या मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा, तर पाकिस्तानात गेलेल्या खुलन्यात भारताचा ध्वज फडकला आणि आपले गाव कोणत्या देशात गेले हे लाखो पंजाबी कुटुंबांना स्वातंत्र्यानंतर कळले. पंजाबचे बारा जिल्हे सांभाळण्यासाठी नेमलेले सीमा दल ज्या सैन्यातून उभे राहिले, त्याचीच त्या वेळी धर्माच्या आधारे वाटणी चालू होती; सप्टेंबर उजाडताच ते दल विसर्जितही झाले. ब्रिटिश पलटणींना दंगल शमवण्यासाठी वापरायचे नाही, असे धोरण होते आणि त्यांची पहिली तुकडी मुंबई बंदरातून निघाली तो दिवसही १७ ऑगस्टच होता. जबाबदारी अंगावर असताना ती इतक्या त्वरेने झटकणे मला अक्षम्य वाटते.

फाळणीच्या नेत्यांवर भरपूर लिहून झाले आहे. वेव्हेल यांची योजना, सैन्य-मालमत्तेची वाटणी ठरवणाऱ्या फाळणी परिषदेचे कामकाज आणि सीमा दलाचे अपयश यांवर आपल्या दैनिकाने अभ्यासकांकडून सविस्तर लेखन करून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे