सशाच्या जखमेइतकंच त्याच्या लेंड्यांकडे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : जखमी सशाची घरी घ्यायची काळजी

आपल्या पुरवणीत पाळीव प्राण्यांच्या प्रथमोपचारावर लेख आला होता. कुत्र्यामांजरांबद्दल भरपूर आणि नीट लिहिलं होतं त्याबद्दल तक्रार नाही, पण शेवटी सशाला एका ओळीत उरकून टाकलंय की छोट्या प्राण्यांनाही हेच उपाय करा फक्त प्रमाण कमी ठेवा. ती ओळ वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. ससा म्हणजे लहान आकाराचं मांजर नव्हे हो! त्याचं पोट वेगळं, हाडं वेगळी, दुखतंय हे सांगायची पद्धत वेगळी, आणि मांजराला चालणारी काही औषधं त्याला चालत नाहीत.

आमच्याकडे ससा आहे, गुब्या त्याचं नाव. मध्यंतरी एक मांजर खिडकीतून आत आलं आणि त्याच्या पाठीवर झेपावलं. आम्ही ओरडलो तसं ते पळालं, आणि गुब्याच्या पाठीवर बघितलं तर दोन बारीक टोचल्यासारखे ठिपके, तेही केस बाजूला केल्यावर दिसले, रक्ताचा एखादा थेंब. घरात सगळे म्हणाले काही नाही झालं, घाबरलाय फक्त. पण मांजराच्या दाताची भोकं वरून अशीच दिसतात, आत मात्र खोल जातात, आणि मांजराच्या तोंडातले जंतू, त्यात पाश्चुरेला मुख्य, थेट कातडीखाली सोडले जातात. वरचं भोक लगेच मिटतं आणि आत पू व्हायला लागतो. सशाचा पू पातळ नसतो, चांगला घट्ट, टूथपेस्टसारखा असतो, त्यामुळे गळू फुटून वाहून जाईल या भरवशावर राहता येत नाही, बरेचदा ते ऑपरेशन करून गळवाच्या पिशवीसकट काढावं लागतं. म्हणून मांजर चावलं असेल तर जखम कितीही क्षुल्लक दिसो त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आम्ही गेलो, इंजेक्शनं झाली, गळू झालं नाही.

पण मला सांगायचंय ते त्यापुढचं. डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले की पाठीची जखम मी बघतो, तुम्ही त्याचं खाणं आणि लेंड्या बघा. तेव्हा जरा विचित्रच वाटलं, पण सशाच्या बाबतीत खरी गोष्ट हीच आहे. ससा दुखलं किंवा घाबरला की खाणं सोडतो, आणि खाणं सोडलं की त्याचं आतडं मंदावतं. आपण एक दिवस उपास केला तर काही बिघडत नाही, सशाचं तसं नाही, त्याच्या पोटात सतत गवत जात राहिलं पाहिजे, नाहीतर आतल्या जंतूंचा समतोल बिघडतो, गॅस धरतो, गॅसने आणखी दुखतं, दुखतं म्हणून आणखी खात नाही, आणि हे चक्र फिरत राहिलं तर साध्या जखमेचा ससा पोटाच्या दुखण्याने जातो. त्यात सशाला उलटीही करता येत नाही. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही आणि लेंड्याही नाहीत तर ती इमर्जन्सी समजायची, सकाळी बघू म्हणायचं नाही.

लेंड्या बघायच्या म्हणजे काय तर खाली पांढरा कागद किंवा फिक्या रंगाचा टॉवेल घालायचा आणि दिवसातून दोन-तीनदा नजर टाकायची. नेहमीची लेंडी वाटाण्याएवढी, गोल, कोरडी असते आणि फोडली तर आत गवताचे तंतू दिसतात. त्या बारीक व्हायला लागल्या, काळपट झाल्या, वेड्यावाकड्या आल्या की आतडं ढिलं पडतंय हे जखमेच्या रंगावरून कळायच्या आधी तिथे कळतं. गुब्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लेंड्या निम्म्या आकाराच्या झाल्या होत्या, तसा लगेच फोन केला आणि वेदनेचं औषध वाढवून मिळालं, संध्याकाळी त्याने स्वतःहून गवत ओढलं. घरातल्यांना मी वेडी वाटत होते कागदावर वाकून बसलेली, असू दे.

दुखतंय हे ससा सांगत नाही ही दुसरी अडचण. तो शिकार होणारा प्राणी आहे, अशक्तपणा दिसला की खाल्ला जाणार, त्यामुळे लपवणं त्याच्या रक्तात आहे. कुत्रा विव्हळेल, ससा कोपऱ्यात पाठ गोल करून गप्प बसतो आणि आपल्याला वाटतं किती शांत झोपलाय बघा. डोळे अर्धवट मिटलेले, कान मागे दाबलेले, पोट जमिनीला टेकवून परत परत जागा बदलणं, आवडीची गोष्ट पुढे केली तरी तोंड फिरवणं ही सगळी दुखण्याची लक्षणं. दातांचा आवाज ऐकायला शिका. डोकं कुरवाळताना हलका, जेमतेम जाणवेल असा आवाज येतो तो खुशीचा, आणि एकटा बसलेला असताना मोठ्याने करकर दात खातो तो वेदनेचा. कान हाताला गार लागले आणि ससा मलूल असेल तर तो शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण धोकादायक मंदावलेल्या अवस्थेत, असू शकतो, सशाचं नेहमीचं तापमान 38.5 ते 40 सेल्सिअसच्या दरम्यान असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच, ते 38च्या खाली गेलं तर आधी ऊब आणि लगेच डॉक्टर. ऊब म्हणजे टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली एका बाजूला ठेवायची, त्याला गरम वाटलं तर सरकता आलं पाहिजे. आणि ससा तोंड उघडून श्वास घेत असेल तर पुढचं काहीही वाचत बसू नका, ससे नाकानेच श्वास घेतात, तोंड उघडलं म्हणजे फार गंभीर आहे.

आता औषधांबद्दल, कारण आपल्या लेखातली कमी प्रमाणात ही सूचना इथे सगळ्यात धोक्याची आहे. घरोघरी मुलांच्या तापासर्दीचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप असतं, ते सशाला तोंडाने एक चमचाही द्यायचं नाही. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही अँटिबायोटिक्स तोंडाने दिली की सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि जुलाब होऊन ससा दगावू शकतो. डॉक्टर पेनिसिलिन इंजेक्शनने देतात तेव्हा ते समजून देतात, त्याची घरी नक्कल करू नये. कुत्र्याच्या गोचिडांवर मारायचा फिप्रोनिलचा स्प्रे सशावर मारायचा नाही, त्याने ससे मेलेले आहेत. स्टेरॉइड असलेली मलमं नकोत, ससा ती चाटतो आणि स्टेरॉइडने त्याची प्रतिकारशक्ती पटकन खाली येते. माणसाची आयबुप्रोफेन वगैरे तर नकोच. आणि कमी प्रमाणाचं म्हणाल तर गंमत अशी की वेदनेसाठी डॉक्टर जे मेलॉक्सिकॅम देतात ते सशाच्या शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून त्याला किलोमागे कुत्र्यापेक्षा जास्त मात्रा लागते! म्हणजे अंदाजाने दिलं तर इकडून चूक किंवा तिकडून चूक.

मग घरी करायचं काय तर तेही पुष्कळ आहे. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड ठेवून पाच मिनिटं सलग दाबून धरायचं, मधे मधे उचलून बघायचं नाही. दोन किलोच्या सशाच्या अंगात सगळं मिळून साधारण सव्वाशे मिली रक्त असतं, त्यामुळे आपल्याला थोडं वाटणारं रक्त त्याला थोडं नसतं. नख तुटून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लॉवरची चिमूट दाबून धरली की बहुतेक वेळा थांबतं. जखम धुवायला उकळून गार केलेलं अर्धा लिटर पाणी आणि त्यात सपाट चमचाभर मीठ, सिरिंजने हळूच सोडायचं, बस. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, जंतुनाशकाचं दाट पाणी हे झोंबतंही आणि नवीन येणारी कातडीही जाळतं. आंघोळ अजिबात घालू नका, भिजलेला ससा गारठतो, घाबरतो आणि जखमी असताना तेवढंही पुरतं. जखमेभोवतीचे केस कापायचे असतील तर सांभाळून, सशाची कातडी फार पातळ असते आणि कात्रीच्या टोकाला तंबूसारखी वर येते, हे मी डॉक्टरांकडून करून घेतलं आणि तुम्हालाही तेच सांगेन.

उचलण्याबद्दल एक गोष्ट मोठ्या अक्षरात छापायला हवी. कानाला धरून ससा उचलायचा ही चित्रातली पद्धत आहे, खऱ्या सशाला ती छळ आहे. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम 7-8 टक्के असतो, मांजराचा 12-13 टक्के, आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र जबरदस्त, त्यामुळे हवेत लटकवलं आणि त्याने जोरात लाथ झाडली तर स्वतःच्या झटक्याने स्वतःचाच मणका मोडू शकतो. एक हात छातीखाली, एक हात ढुंगणाखाली, आणि आपल्या अंगाशी टेकवून. मागचे पाय ओढत चालत असेल किंवा हलतच नसतील तर हाताने उचलूच नका, सपाट पुठ्ठ्यावर किंवा ट्रेवर सरकवा, टॉवेलच्या वळकट्या दोन्ही बाजूंना लावा आणि तसाच न्या. मोडलेल्या पायाला घरी पट्टी बांधायच्या फंदात पडू नका. उताणं पाडून ठेवलं की ससा निपचित पडतो आणि लोक म्हणतात बघा किती रिलॅक्स झाला, तो रिलॅक्स नसतो, शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर शरीर जसं थिजतं तसं ते थिजणं आहे, आतून तो घाबरलेलाच असतो. व्हिडिओसाठी तर नाहीच, औषध पाजायलाही हे करू नये.

भरवणं हा वेगळा विषय आहे आणि इथेच लोक थकतात. डॉक्टरांनी हाताने भरवायला सांगितलं असेल तर त्यांची रिकव्हरी पावडर, ती नसेल तर नेहमीच्या पेलेट्स, म्हणजे सशाच्या खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून एकजीव केलेल्या. ससा चारही पायांवर, टॉवेलात गुंडाळलेला, सिरिंजचं टोक पुढच्या दातांच्या मागे गालाच्या बाजूने जी मोकळी जागा असते तिथून आडवं घालायचं, समोरून सरळ घशात नाही. अर्धा मिली, एक मिली सोडायचं आणि थांबायचं, तो चावतोय गिळतोय हे दिसलं की पुढचं. घाई केली तर ते श्वासनलिकेत जातं. गुब्या पहिले घोट हनुवटीवरून माझ्या बाहीत सोडायचा, मग एकदम काहीतरी पटल्यासारखा स्वतःच सिरिंज चावायला लागायचा. पोट टम्म आणि कडक लागत असेल तर मात्र भरवायचं नाही, आधी डॉक्टर. आणि वाळलेलं गवत त्याच्या तोंडापाशी सतत, बरा होतोय म्हणून गोडधोड फळं नकोत.

जागा छोटी, शांत, जमीन मऊ पण घसरडी नाही, जाळीचा तळ नको कारण पायांना फोड येतात. उन्हाळा असेल तर माश्यांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, जखमेवर किंवा लघवीने ओल्या राहिलेल्या शेपटीखाली माशीने अंडी घातली तर चोवीस तासांच्या आत अळ्या होतात आणि त्या जिवंत मांस खातात. रोज सकाळ-संध्याकाळ शेपटी उचलून बघायचं, यात किळस वाटण्यासारखं काही नाही. गळ्यातला प्लॅस्टिकचा कोन कुत्र्याला घालतात म्हणून सशालाही घालू नका, ससा रात्री येणाऱ्या मऊ लेंड्या थेट तोंडाने घेऊन खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, कोन घातला की तेही बंद आणि अंग चाटणंही बंद, डॉक्टरांनी टाके तोडतोय म्हणून सांगितलं तरच घालायचा. त्याचा जोडीदार ससा असेल तर शक्यतो सोबत ठेवा, दोघांना फार दिवस वेगळं केलं की हा खात नाही आणि परत आणल्यावर दोघं भांडतातही.

आपल्याकडे एक विनंती आहे. पुढच्या वेळी सशाला निदान अर्धा रकाना द्या, आणि जागा नसेल तर किमान त्या अँटिबायोटिक्सची नावं चौकटीत छापा. वाचकांनाही सांगा की ससा धडधाकट असतानाच सशांवर उपचार करणारे डॉक्टर शोधून नंबर लिहून ठेवावा, कारण सगळ्याच डॉक्टरांना सशांचा अनुभव नसतो आणि रात्री शोधाशोध करणं जमत नाही. एक सोपी परीक्षा आहे, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून सशाला उपाशी ठेवा असं कोणी सांगितलं तर नम्रपणे पुन्हा विचारा, सशाला उलटी होत नाही त्यामुळे त्याला तसं उपाशी ठेवत नाहीत.

कळावे,
आपली एक नियमित वाचक

ता. क. सशाची लघवी लाल-केशरी दिसली म्हणून लगेच रक्त समजून घाबरू नका, खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे ती कधी कधी तशी होते आणि थोड्या दिवसांत परत पिवळी येते. पण पडल्यावर किंवा चावल्यावर तसं झालं, किंवा लघवी करताना तो जोर करतोय असं दिसलं, तर नमुना बाटलीत घेऊन तपासून घ्या, नुसत्या डोळ्यांनी रंग आणि रक्त यातला फरक डॉक्टरांनाही सांगता येत नाही.