लॉगबुकवर चोवीस सह्या आहेत, तरी माझं सेमिस्टर 'अपूर्ण' का?

मा. तंत्रशिक्षण मंत्री महोदय,

सादर नमस्कार. तुम्हाला रोज शेकडो पत्रं येत असतील, तरी हे वाचावं ही विनंती. परवा माझा निकाल लागला आणि को-ऑपच्या, म्हणजे वर्गाऐवजी कारखान्यात काम करत शिकायच्या सेमिस्टरसमोर 'अपूर्ण' असं आलं. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, कंपनीतल्या मेंटॉरनी मूल्यमापनाचा फॉर्म पोर्टलवर भरला नाही. फॉर्म भरायचा त्यांनी आणि अडकले मी! ते सर नोकरी सोडून गेलेत, मेल परत येतोय, त्यांच्या जागी आलेले साहेब म्हणतात मी तुझं काम पाहिलंच नाही तर लिहू काय, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबरच आहे.

माझं काम कोणीच पाहिलेलं नाही, साहेब.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला सगळ्यांना हॉलमध्ये बसवून सांगितलं होतं की एक अख्खं सेमिस्टर कारखान्यात, पगार मिळेल, तिथला एक इंजिनिअर शिकवेल, आणि कॉलेजचे सर दर महिन्याला येऊन बघून जातील. सर सहा महिन्यांत एकदा आले, हेल्मेट घालून गेटजवळ फोटो काढला आणि चहा पिऊन गेले. पगाराचं विचारलं तर कंपनी म्हणाली तुमच्या कॉलेजशी तसं काही ठरलेलं नाही, आणि कॉलेज म्हणालं अनुभव मिळतोय ना. त्या सेमिस्टरची फी मात्र पूर्ण घेतली, एकही लेक्चर नाही, लॅब नाही, तरी पूर्ण.

मी मेकॅनिकलची. सहा महिन्यांतले जवळजवळ पाच महिने मी स्टोअरमध्ये डब्यांवर लेबलं लावली आणि एक्सेलमध्ये आकडे भरले. लॉगबुक मात्र मनापासून लिहायचे. नवव्या आठवड्याच्या पानावर स्पष्ट लिहिलंय, "या आठवड्यात मशीनजवळ जाऊ दिलं नाही." शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मेंटॉर सरांनी चोवीस आठवड्यांच्या सह्या दहा मिनिटांत उरकल्या, एकाच पेनाने, पान उलटायचं आणि सही ठोकायची. त्या नवव्या पानावरही शिक्का आहे 'समाधानकारक'. तेही आता चालत नाही, कारण पोर्टलवर फॉर्म नाही.

एक दिवस मात्र मी विसरणार नाही. मेंटेनन्सचे एक काका होते, रिटायरमेंटला आलेले. त्यांनी मला पंपाजवळ बोलावलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या भागाच्या, बाहेरच्या कवचावर टेकवलं आणि मूठ कानाला लावायला सांगितली. "ऐक पोरी." आधी चांगल्या बेअरिंगचा आवाज ऐकवला, एकसारखी घरघर. मग शेजारच्या पंपाचा, त्यात मधेच खडा आल्यासारखी करकर. बॉल बेअरिंगवरचा लोड दुप्पट झाला की आयुष्य आठपटीने कमी होतं, हे गणित मी परीक्षेत बरोबर सोडवलं होतं, पण आयुष्य संपत आलेलं बेअरिंग कसं बोलतं ते त्या दहा मिनिटांत कळलं. दुसऱ्या दिवशी ते बेअरिंग खोलणार होते, मी विचारलं येऊ का, तर स्टोअरमधून सोडलं नाही.

साहेब, ही कल्पना काही नवीन नाही. 1906 साली अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात डीन हर्मन श्नायडर यांनी को-ऑप सुरू केलं, पोरं एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात. जोड्या लावलेल्या, एक वर्गात तेव्हा दुसरा त्याच जागेवर कामाला, म्हणजे मालकाचं काम अडत नाही आणि विद्यार्थ्याला खरं काम आणि पगार दोन्ही मिळतं. कॅनडात वॉटरलू विद्यापीठ 1957 मध्ये सुरूच झालं ते को-ऑपवर, तिथे कामाची टर्म संपली की विद्यार्थी रिपोर्ट लिहितो, कंपनी मूल्यमापन करते, आणि हे सगळं सांभाळायला वेगळी माणसं नेमलेली असतात. आपण त्यातून फक्त नाव उचललं का? करारावर सह्या झाल्या, फोटो छापून आले, कॉलेजच्या माहितीपत्रकात कंपन्यांचे लोगो आले आणि कॉलेजच्या मूल्यांकनाला कमिटी आली तेव्हा फाईल जाडजूड होती. त्या फाईलमधल्या एका तरी पोराला कोणी विचारलं का की तू काय शिकलास?

आणि हे फक्त कॉलेजचं नाही. कंपन्यांना फुकटचे हात हवेत, कॉलेजांना फी हवी, सरकारला घोषणेसाठी आकडा हवा, यात तिघांचंही भागतं. उद्या हेच लोक म्हणणार इंजिनिअर नोकरीच्या लायकीचे नसतात! अहो, सहा महिने तुमच्याच ताब्यात होतो ना आम्ही.

मागणं फार नाही. पगार आणि कामाचं स्वरूप आधी लिहून द्या, त्याशिवाय कोणालाही पाठवू नका. कारखान्यात असताना शिकवण्याची फी घेऊ नका. कॉलेजच्या सरांनी मशीनपर्यंत यावं, गेटपर्यंत नाही. आणि कंपनीच्या माणसाने फॉर्म भरला नाही तर त्याची शिक्षा विद्यार्थ्याला नको.

पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन पंधरा दिवसांत बंद होतंय, 'अपूर्ण' असेल तर मला बसू देणार नाहीत. लॉगबुक माझ्याकडे आहे, नवव्या पानासकट. सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या ऑफिसात घेऊन येते, फक्त यावेळी कोणीतरी वाचून मग सही करा.

आपली,
मेकॅनिकलची एक विद्यार्थिनी