आधी रस्त्याची पातळी, मग शोभेचे दिवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या बाजारपेठेच्या कायापालटाची बातमी कालच्या अंकात वाचली. शोभेचे दिवे, रंगीत पेव्हिंग ब्लॉक, एकसारख्या पाट्या, बसायला बाकडी. एवढ्या मोठ्या बातमीत रस्त्याची पातळी काय राहणार, याबद्दल एक ओळ नाही. कापड पेठेत दुकान चालवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला आधी तेच कळायला हवं.

आमच्या दुकानाला सासऱ्यांनी काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या बांधून घेतल्या होत्या. बाजाराला आलेल्या बायका पिशव्या ठेवून त्यांवर घटकाभर टेकायच्या. रस्त्याचं काम निघालं की जुना थर न खरवडता त्यावरच नवा थर ओतला जातो. असं करत पहिली पायरी डांबरात गेली, मग दुसरी गेली, आता तिसरीची कड तेवढी दिसते.

यंदाच्या वळवात अर्धा तास पाऊस पडला आणि शटरखालून पाणी आत शिरलं. फळी लावली, फटीत गोणपाट कोंबलं, तरी खालच्या कप्प्यातल्या इरकली भिजल्या. त्यांचा लाल रंग शेजारच्या पांढऱ्या परकराच्या कापडावर उतरला. ते कापड आता कुणी घेणार नाही. तक्रार घेऊन गेले तर साहेब म्हणाले, "बाई, सांगलीला पाणी काय नवीन आहे का?"

हे उत्तर मला फार लागलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा काय झालं ते आम्ही भोगलंय. पण पुराची आम्हाला वर्दी मिळते. कोयनेतून किती पाणी सोडलं ते कळतं, पावसाळ्यात घरोघरी "आयर्विनला किती?" हीच विचारपूस असते. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. तेवढ्या वेळात माल माळ्यावर चढवता येतो. वळवाचं पाणी सांगून येत नाही. आणि ते नदीचं नव्हे, उंच केलेल्या रस्त्याने आमच्या दारात आणून सोडलेलं पाणी आहे. दोन्ही पाण्यांना एकच नाव देऊन जबाबदारी झटकू नये.

त्यात गटारं बुजलेली. वर ब्लॉक बसवले की चेंबर कुठे आहे, हे साफ करायला आलेल्या माणसालासुद्धा सापडत नाही. नदी चढते तेव्हाही पाणी आधी नाल्यांतून उलटं येतं, काठावरून मागाहून येतं. मग नवे ब्लॉक बसवण्याआधी खालचं गटार उपसणार का, हे आपल्या वार्ताहराने विचारायला हवं होतं.

हातगाड्या हटवल्या की पेठ मोकळी होईल, असंही बातमीत म्हटलं आहे. मला ते पटत नाही. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, त्याप्रमाणे जागा आखून द्याव्यात. माझ्या दारासमोर गजरे विकणारीमुळे माझं गिऱ्हाईक कधी कमी झालेलं नाही.

आणि विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. तासगाव, जत, कवठेमहांकाळहून माणसं लग्नाचा बस्ता बांधायला इथे येतात. चार-पाच तास बायका दुकानात बसून असतात. त्यांच्यासाठी जवळपास धड स्वच्छतागृह नाही. म्हाताऱ्या आजी पाणी नको म्हणतात, का नको ते आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. मी त्यांना मागच्या गल्लीत ओळखीच्या वहिनींच्या घरी पाठवते. माझ्याकडे कामाला असलेल्या मुली दिवसभर कशा काढतात, ते त्यांनाच विचारा. शंभर फुटी रोडवरच्या नव्या दुकानांत ही सोय असते, म्हणून गिऱ्हाईक तिकडे वळतं. पेठ वाढवायची असेल तर हे दिव्यांच्या आधी यायला हवं.

माझी मागणी एवढीच आहे. जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकायचा नाही, ही अट निविदेतच घालावी. दुकानांच्या उंबऱ्यापासून रस्ता किती खाली राहणार, ते आकड्यांत लिहून काम सुरू होण्याआधी चौकात लावावं. आणि बायकांचं स्वच्छतागृह नकाशात नेमकं कुठे दाखवलं आहे, ते आपण विचारून छापावं.

कळावे.
एक कापड दुकानदार,
कापड पेठ, सांगली