‘कोड मागितल्यास देऊ’ एवढ्याने भागणार नाही

संपादक महोदय,

जनुकांच्या माहितीवरून कर्करोगाचा प्रकार किंवा औषधाचा परिणाम सांगणाऱ्या मशीन लर्निंग मॉडेलच्या (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालींच्या) बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. तेच मॉडेल दुसऱ्या प्रयोगशाळेने चालवले तर तेच उत्तर येते का, हे मात्र पुष्कळदा मूळ शोधनिबंधावरूनही कळत नाही. ‘कोड मागितल्यास देऊ’ या एका ओळीवर वेळ मारून नेली जाते. हे थांबायला हवे, कारण यात रुग्णाचा जीव गुंतलेला असतो.

कोणत्या रुग्णाला कोणती केमोथेरपी लागू पडेल हे जनुकांवरून सांगता येते, असा दावा अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातून २००६ मध्ये झाला. एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांनी ते गणित पुन्हा मांडले, तेव्हा जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकलेल्या आढळल्या. काही ठिकाणी ‘औषधाला दाद देणारे’ आणि ‘न देणारे’ ही लेबलेच उलटी होती. निबंध २०११ मध्ये मागे घेतला गेला. तोवर रुग्णांवर चाचण्या सुरू होऊन गेल्या होत्या.

आज सर्वाधिक फसगत होते ती डेटाच्या विभागणीत. समजा, २०० नमुने आणि प्रत्येकाची २०,००० जनुके आहेत. सगळ्या नमुन्यांवरून आधी ‘उत्तम’ ५० जनुके निवडली आणि मग ट्रेनिंग (मॉडेलला शिकवण्याचे) व टेस्ट (त्याची परीक्षा घेण्याचे) असे गट पाडले, तर परीक्षेआधीच पेपर फुटला म्हणायचा. नुसते रँडम आकडे भरले तरी अशाने अचूकता भरघोस दिसते. म्हणून विभागणी सर्वात आधी. जनुकांची निवड, नॉर्मलायझेशन (आकडे एका मापावर आणणे), वेगवेगळ्या बॅचमध्ये, म्हणजे खेपांत, तपासलेल्या नमुन्यांतला फरक काढणे, रिकाम्या जागा भरणे हे सारे फक्त ट्रेनिंगच्या नमुन्यांवर आणि क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (गट आलटून-पालटून घेतलेल्या परीक्षेच्या) प्रत्येक फेरीत नव्याने करायचे. टीसीजीए या कर्करोगाच्या जनुकीय माहितीच्या संग्रहात एका रुग्णाचे अनेक नमुने असू शकतात. नमुन्याच्या बारकोडच्या पहिल्या १२ अक्षरांवरून रुग्ण ओळखता येतो, तेव्हा गट त्यावरूनच पाडावेत. पडताळणी सोपी आहे. लेबले पिसून सगळी प्रक्रिया पहिल्यापासून अनेकदा चालवा. दोन समसमान गट असतील तर अचूकता ५० टक्क्यांच्या आसपास यायलाच हवी. सारखी ७० येत असेल, तर टेस्टची माहिती कुठेतरी ट्रेनिंगमध्ये गळते आहे.

मग सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा प्रश्न. सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या पायथन लायब्ररीच्या ०.२२ व्हर्जनमध्ये रँडम फॉरेस्टमधील (अनेक निर्णयवृक्षांचे मत घेणाऱ्या मॉडेलमधील) झाडांची, वेगळे न सांगितल्यास धरली जाणारी संख्या १० वरून १०० झाली. ज्यांनी ती कोडमध्ये लिहिली नव्हती त्यांचे निकाल परस्पर बदलले. मानवी जीनोमची संदर्भ आवृत्ती जीआरसीएच३७ की ३८ हेही नोंदवावे, दोहोंत एकाच जनुकाचे स्थान वेगळे असते. डॉकर इमेज (सॉफ्टवेअरचा सगळा संच एकत्र बांधलेली फाइल) ‘लेटेस्ट’वर सोडू नये, तिचा डायजेस्ट, म्हणजे नेमकी ओळख सांगणारा कोड, लिहावा. अनेकांच्या सामायिक क्लस्टरवर (संगणकसमूहावर) रूट, म्हणजे व्यवस्थापकाची, परवानगी मिळत नाही, तिथे डॉकरऐवजी ॲप्टेनर चालते. विश्लेषणाचे टप्पे स्नेकमेक किंवा नेक्स्टफ्लो या ते क्रमाने चालवणाऱ्या साधनांत बांधावेत. सीड, म्हणजे रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा, पायथनला आणि नमपाय व पायटॉर्च या तिच्या लायब्ररींना वेगवेगळा द्यावा लागतो. तरीही जीपीयूवर (एकाच वेळी अनेक गणिते करणाऱ्या चिपवर) बेरजेचा क्रम बदलून शेवटचे दशांश हलतात, म्हणून एका सीडचा सर्वोत्तम आकडा न छापता दहा सीडची सरासरी आणि त्यांतला फरक द्यावा.

रुग्णांच्या गोपनीयतेचे कारण रास्त आहे. पण मूळ डेटा देता आला नाही तरी त्याचा रिलीज क्रमांक, विभागणीची फाइल आणि पाच-दहा कृत्रिम नमुन्यांचा संच अपेक्षित उत्तरासह देता येतो.

विद्यापीठांना आमची विनंती आहे: प्रबंध स्वीकारण्यापूर्वी दुसऱ्या गटातील विद्यार्थ्याने कोऱ्या संगणकावर, लेखकाला काहीही न विचारता, केवळ रीडमी (कोडसोबतची सूचनांची फाइल) वाचून हा छोटा संच चालवून पाहावा. तो जिथे जिथे अडेल ते दुरुस्त झाल्यावरच कोड झेनोडो या खुल्या ऑनलाइन संग्रहात डीओआयसह (कायमच्या ओळख क्रमांकासह) ठेवावा. सोबत परवान्याची फाइल हवीच. तिच्याविना इतरांना तो कोड वापरण्याचा हक्कच मिळत नाही.

– जैवमाहितीशास्त्राचे काही अध्यापक, पुणे