'अभय' कुणाला, कशाचं?

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

डिसेंबर 2023 मध्ये मुद्रांक शुल्काची 'अभय योजना' सुरू झाली. 1980 ते 2020 या काळातल्या दस्तांवर न भरलेल्या किंवा कमी भरलेल्या शुल्कात आणि दंडात सवलत. आमच्या इमारतीच्या फलकावर तिची माहिती लागली, तेव्हा सत्तरीतले एक शेजारी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अभय? आपण काय दरोडा घातला होता?" सगळे हसले. मला मात्र तो शब्द सोडेना.

ही कल्पना ज्या 'ॲम्नेस्टी'वरून आली, तो शब्द मुळात ग्रीक. 'अम्नेस्तिया' म्हणजे विस्मरण. डॉक्टरांच्या तोंडचा 'ॲम्नेशिया' त्याचाच भाऊबंद. इ.स.पू. 403 मध्ये अथेन्समध्ये तीस जुलमी सत्ताधाऱ्यांची राजवट कोसळली आणि नागरिकांनी शपथ घेतली, की झाल्या गोष्टींचा डूख धरायचा नाही. (खुद्द त्या तिसांना यातून वगळलं होतं. एवढी आठवण ठेवलीच!)

आपल्याकडची 'माफी' अरबीतून आली, तिच्या मुळाशी पुसून टाकणं आहे. 'क्षमा' संस्कृत, 'क्षम्' म्हणजे सोसणं. म्हणून तर पृथ्वीचंही एक नाव क्षमा. 'अभय' या दोघींहून निराळा. त्यात चूक पुसत नाहीत, विसरत नाहीत, फक्त समोरच्याच्या मनातली भीती काढून घेतात. पाठीशी घातलेल्या शरणागताला द्यायचा हा शब्द. परागंदा रयतेला गावी परत बोलावताना मराठेशाहीत कौलनामा, म्हणजे लेखी वचन, देत, त्यातला भरवसा या जातीचा.

आता योजना पाहा. तिला मुदत होती, मुदतीनंतर पुन्हा दंड, आणि कार्यालयातल्या नोंदी जिथल्या तिथे. म्हणजे भीती शाबूत, वर तिला तारीख चिकटवलेली. शिवाय वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बिल्डरने किंवा एजंटने सांगितलं तेवढे पैसे भरणारा माणूस नाव वाचूनच आरोपी होतो.

आपल्या विभागाने शासनाच्या इतर खात्यांना एवढं कळवावं: थकबाकीच्या योजनांना सरळ 'थकबाकी सवलत योजना' म्हणा, आणि काय सुटतं, मूळ रक्कम की दंड, ते शीर्षकाखालच्या पहिल्याच ओळीत लिहा. आमच्या शेजाऱ्यांना तेवढंच हवं होतं. ते समजायला त्यांना तीन हेलपाटे पडले.

आपला,
एक मराठी वाचक