शेत गहाण टाकू नका

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल आईचा फोन आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. बाळूला सरकारी नोकरी लावून देतो म्हणणारा तो माणूस पुन्हा घरी येऊन गेला आणि त्याच्यासाठी ओढ्याकडचं भाताचं शेत गहाण टाकायचं चाललंय म्हणे. बाबा, हात जोडून सांगते, त्याला एक रुपयाही देऊ नका. पैसे घेऊन नोकरी देतो म्हणणारा फसवायलाच आलेला असतो.

बीएसएफ, सीआरपीएफच्या कॉन्स्टेबल भरतीचा फॉर्म 100 रुपयांत भरता येतो. दहावी पास लागतं, बाळू तर बी.ए. झालाय. परीक्षा कॉम्प्युटरवर, 80 प्रश्न, एक तास. आणि 2024 पासून हा पेपर मराठीतूनही देता येतो! आपल्या बेळगावकडच्या खानापूरच्या मराठी शाळेत शिकलेल्या पोरांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे. त्याला पाच किलोमीटर 24 मिनिटांत पळता आलं पाहिजे, तेवढं आतापासून सुरू करायला सांगा. वयाची अट 18 ते 23 आहे, आरक्षणात बसणाऱ्यांना थोडी सवलत मिळते. बाळू बाविशीत आहे, म्हणून मला घाई वाटते.

दुसरं महाराष्ट्राचं. तिथल्या सरकारी भरतीला महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा दाखला लागतो, म्हणून आपली पोरं जाहिरात बघून गप्प बसतात. पण महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या कर्नाटकातल्या 865 गावांतल्या मराठी उमेदवारांनाही अर्ज करता येतो. आपण त्या गावात 15 वर्षं राहतो, असा ठरलेल्या नमुन्यातला दाखला जोडावा लागतो. आपलं गाव त्या यादीत आहे. पोलीस भरतीचा लेखी पेपर मराठीतच असतो. दाखल्याचे कागद आत्ताच गोळा करा, जाहिरात निघाल्यावर धावपळ होते.

आता जे लिहिते ते बाबांसाठी. बाबा, तुम्ही महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मोर्चांत आयुष्य घातलंत, सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि तुम्ही अजून निकालाची वाट बघता. त्या निष्ठेला माझा नमस्कार आहे. पण बाळू कन्नडचं पुस्तक उघडत नाही, कारण तुम्हाला वाईट वाटेल असं त्याला वाटतं. कर्नाटकातल्या ग्राम आडळिताधिकाऱ्याच्या, म्हणजे आपल्या तलाठ्याच्या भरतीत कन्नडचा 150 मार्कांचा सक्तीचा पेपर होता, त्यात 50 मिळाले तरच पुढे. एवढं कन्नड तो सहा महिन्यांत शिकेल. घरात मराठीच राहील, ती कुठे जात नाही. पण कन्नड शीक असं त्याला मी सांगून भागणार नाही, तुम्ही सांगितलं पाहिजे.

कर्नाटक सरकारच्या युवा निधी योजनेचंही बघा. डिग्री होऊन सहा महिने नोकरी नसेल आणि पुढचं शिक्षण चालू नसेल तर राज्य सरकार महिन्याला 3000 रुपये देतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. अर्ज सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर करायचा. पुस्तकांचा आणि बेळगावला जाण्यायेण्याचा खर्च त्यात भागेल. केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवरही त्याचं नाव घालायचं आहे, ते फुकट आहे. बेळगावच्या एम्प्लॉयमेंट एक्सचेंजमध्ये जाऊन एकदा साहेबांना भेटला तर कुठला मेळावा कधी आहे हेही कळेल. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात बसायची सवय लागली तर फारच छान.

आई, तू काळजी करत राहतेस की शेजारच्यांची पोरं गोव्याला लागली आणि आपलाच घरी बसलाय. त्याला तसं बोलू नकोस. रोप लावणीत तो दिवसभर चिखलात उभा असतो, ते काम नाही का?

फॉर्मची फी मी पाठवते. त्या माणसाला नाही म्हणायला अवघड वाटत असेल तर त्याला माझा नंबर द्या, मी बोलते.

तुमची,
सुमन